टाइड ओव्हर : नक्की कोण कशावरून जातं?

खाडीकाठ

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका मच्छीमार सोसायटीच्या कर्जाच्या अर्जात हे वाक्य आहे. बँकेला अर्ज इंग्रजीत हवाय. इथे देवनागरीत देतो:

‘वी रिक्वेस्ट अ शॉर्ट टर्म लोन ऑफ रुपीज टेन लाख टु टाइड ओव्हर अवर मेंबर्स ड्युरिंग द फिशिंग बॅन.’

‘टाइड ओव्हर’ आम्ही ‘तात्पुरत्या अडचणीतून पार नेणे’ अशा अर्थी घेतलंय. यावर तीन मतं पडली आहेत. पहिलं, ‘टाइड अवर मेंबर्स ओव्हर’ असं हवं. दुसरं, टाइड ओव्हर अडचणीला करतात, माणसांना नाही; म्हणून ‘टाइड ओव्हर द बॅन पीरियड’ लिहा. तिसऱ्याचं म्हणणं शब्दच चुकलाय, तो ‘टाय ओव्हर’ आहे, गाठ मारून ठेवणे अशा अर्थी.

जाणकारांनी सांगावं. हा टाइड भरतीचाच का? आणि सदस्यांना मराठी प्रतही द्यायची आहे, तर मराठीत नेमकं काय लिहायचं?

---

कर्ताकर्म

तिसऱ्या मताचा निकाल आधी लावू. ‘टाय ओव्हर’ असा वाक्प्रयोग नाही. ‘टाइड’ घाईत म्हटलं की शेवटचा ‘ड’ पुढच्या ‘ओ’ला चिकटतो आणि ऐकणाऱ्याला ‘टाय डोव्हर’ ऐकू येतं, त्यातून हे निघालं असणार. ‘टायडल ओव्हर’ही दिसतं, तेही चूक.

पहिली दोन मतं मात्र दोन्ही बरोबर आहेत, कारण या क्रियापदाच्या दोन रचना आहेत.

एक: कर्म माणूस. इथे माणूस मध्ये बसतो. ‘धिस विल टाइड मी ओव्हर टिल मंडे.’ सर्वनाम असेल तर मध्येच. ‘टाइड ओव्हर मी’ कधीच होत नाही. ‘अवर मेंबर्स’सारखं नाम असेल तर शेवटी टाकणं व्याकरणात अगदी बाद नाही, पण कानाला खटकतं. शिवाय वाचणारा क्षणभर अडखळतो, की सदस्य हीच अडचण आहे आणि तिच्यावरून पार व्हायचंय की काय.

दोन: कर्म अडचण. ‘टु टाइड ओव्हर द क्रायसिस.’ ही रचनाही जुनी, एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजीत चांगली रुळलेली. इंग्लंड-अमेरिकेत आता ती कमी ऐकू येते, तिकडे माणूसवाली रचना पुढे आहे. आपल्याकडच्या इंग्रजी वर्तमानपत्रांत मात्र दुसरीच जास्त: पाणीटंचाई टाइड ओव्हर, वीजटंचाई टाइड ओव्हर. भारतीय इंग्रजीचं वळण म्हणा, चूक म्हणू नका.

भूतकाळ ‘टाइडेड ओव्हर’. आणि हे ‘टाइड’ क्रियापद म्हणून आता ‘ओव्हर’शिवाय जवळजवळ वापरातच नाही. एकट्याने ‘ही टाइडेड’ कुणी म्हणत नाही.

---

मिरकरवाडा_लाइट

भरतीचाच टाइड आहे हो. खाडीच्या तोंडाशी रेतीचा दांडा असतो, ओहोटीला होडी आत येत नाही. बाहेर थांबायचं, भरतीचं पाणी चढलं की तीच होडी अलगद दांड्यावरून आत. टाइडने ‘ओव्हर’ नेलं. एवढं सोपं आहे, त्यात शतकं कशाला काढायची?

---

नांगरदोर

@मिरकरवाडा_लाइट, चित्र सुरेख आहे, आणि आज इंग्रजी बोलणाऱ्या बहुतेकांच्या डोळ्यांसमोर हेच येत असणार. पण उगम तो नाही.

कॅप्टन जॉन स्मिथ, म्हणजे व्हर्जिनियातल्या जेम्सटाउनवाला, याने १६२७ साली ‘अ सी ग्रामर’ नावाचं खलाशांसाठीचं पुस्तक काढलं. त्यात ‘टाइड ओव्हर’ची व्याख्याच दिली आहे. मतलब असा: एखाद्या ठिकाणी टाइड ओव्हर करणे म्हणजे भरतीच्या किंवा ओहोटीच्या ओघाबरोबर तिकडे जायचं आणि उलटा ओघ सुरू झाला की नांगर टाकून पुढच्या ओघापर्यंत थांबायचं.

तीन गोष्टी लक्षात घ्या. भरतीच पाहिजे असं नाही, ओहोटीही चालते. ज्या बाजूला जायचं त्या बाजूचा ओघ हवा. ‘ओव्हर’ म्हणजे इथे दांड्यावरून नाही, पल्याडच्या ठिकाणी. आणि तिसरी सगळ्यात महत्त्वाची: निम्मं काम नांगराचं आहे. वारा पडलाय किंवा तोंडावर आहे, शिडाचा उपयोग नाही. अशा वेळी पाणी नेईल तेवढं जायचं, आणि पाणी फिरलं की कमावलेलं अंतर हातचं जाऊ द्यायचं नाही.

इंग्लिश खाडीत हे रोजचं होतं. तिथे वारा बहुतेक पश्चिमेकडचा. बाहेर अटलांटिककडे निघालेल्या जहाजाला तो नेमका तोंडावर. भरतीचा ओघ पूर्वेला, ओहोटीचा पश्चिमेला. म्हणून ओहोटीच्या सहा तासांत वाऱ्याला आडवंतिडवं कापत पश्चिमेला सरकायचं, भरती लागली की किनाऱ्याच्या आडोशाला नांगर.

---

गोवळकोट_धक्का

वर नांगरदोर यांनी जे सांगितलं ते आपल्या खाड्यांत शिडाच्या जमान्यात असंच चालायचं. दाभोळहून वाशिष्ठीतून गोवळकोटला माल न्यायचा, बाणकोटहून सावित्रीतून महाडच्या बाजूला जायचं, जयगडहून शास्त्रीतून आत शिरायचं, तर पडाव आणि मचवे, म्हणजे मालाच्या शिडाच्या होड्या, भरतीवर चढत आणि ओहोटीवर उतरत. दुपारचा दर्याकडचा वारा मिळाला तर ठीक, पहाटेची मतलई, म्हणजे जमिनीकडून दर्याकडे सुटणारा वारा, मात्र आत जाणाऱ्याच्या तोंडावरच.

हिशेब मांडून बघा. ओघाचा सरासरी वेग ताशी दोन सागरी मैल धरला तर सहा तासांत बारा मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटर. मग सहा तास नांगर. पुन्हा सहा तास २२ किलोमीटर. भरती-ओहोटीचा पूर्ण फेरा सुमारे १२ तास २५ मिनिटांचा, म्हणजे दिवसरात्रीत कामाचे दोन ओघ मिळतात आणि निम्मा दिवस जागेवर जातो.

आणि ओघ सहा तास सारखा नसतो. ढोबळ नियम बाराव्या हिश्शाचा: पहिल्या तासात एकूण चढाच्या एक बारांश पाणी, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. चढ दोन मीटर धरला, म्हणजे रत्नागिरीच्या आसपासचं उधाण, तर पहिल्या तासात जेमतेम १७ सेंटिमीटर आणि तिसऱ्या-चौथ्यात प्रत्येकी ५०. मधल्या दोन तासांत निम्मी भरती होते. म्हणून ‘अजून तासभर भरती आहे’ या भरवशावर नांगर उशिरा टाकणारा फसतो: शेवटच्या तासात ओघ मेलेलाच असतो. मिळतं काही नाही, आणि पाणी फिरलं की चांगली जागा शोधायला वेळ उरत नाही.

---

नांगरदोर

नांगराचंही लिहितो, कारण वाक्प्रचाराचा अर्थ तिथेच आहे.

दोर किती सोडायचा, ते आत्ताच्या पाण्यावर नाही, भरतीच्या पाण्यावर ठरवायचं. ओहोटीला खोली चार मीटर, चढ दोन, पाण्यापासून नाळेपर्यंत, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकापर्यंत, उंची एक: झाले सात. दोराच्या नांगराला निदान पाचपट, म्हणजे ३५ मीटर. वारा असेल तर सातपट. दोर कमी पडला तर पाणी चढताना ओढ वरच्या दिशेने येते आणि नांगराचा दात चिखलातून सुटतो.

दुसरी गोची ओघ फिरताना. होडी नांगराभोवती अर्धं वर्तुळ फिरते, नांगर उलट्या बाजूने ओढला जातो आणि कधी कधी निसटतो. म्हणून ओघ फिरण्याच्या वेळी कुणीतरी जागं लागतं. फिरायला मोकळी जागाही हवी, नाहीतर मागचा भाग दांड्यावर बसतो आणि पुढची भरती येईपर्यंत तिथेच. आणि खाडीच्या मुखाशी ओहोटीचा ओघ बाहेर, वारा आत, असे समोरासमोर आले की लाट आखूड आणि उभी होते. तिथे थांबू नये, मुखाच्या आत यावं.

---

मिरकरवाडा_लाइट

मान्य. पण मग ‘ओव्हर द क्रायसिस’ कुठून आलं? संकट हे काही पोचायचं ठिकाण नव्हे.

---

कर्ताकर्म

प्रश्न रास्त आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वाक्प्रयोग दर्यावरून कचेरीत आला, आणि तिथे ‘ओव्हर’चा अर्थ बदलला. पूर्वी ‘पल्याड अमुक ठिकाणी’, आता ‘अमुक अडथळ्यापलीकडे’. ‘गेट ओव्हर’ हे क्रियापद शेजारी होतंच, त्याचाही रेटा लागला असेल. त्यामुळे तुमचा रेतीचा दांडा उगम म्हणून चालत नाही, पण नंतरच्या वापरामागे तेच चित्र आहे असं म्हणायला माझी हरकत नाही. अर्थ बदलताना नांगर तेवढा विस्मरणात गेला.

---

पोथीवाला

‘टाइड’चं मूळ कुणी काढलं नाही म्हणून लिहितो. जुन्या इंग्रजीत ‘टीड’ म्हणजे काळ, वेळ. समुद्राशी संबंध नाही. जर्मन ‘त्साइट’ त्याचाच भाऊ. ‘यूलटाइड’ (नाताळचा काळ), ‘नूनटाइड’ (दुपारची वेळ) यांत तोच काळ. ‘टायडी’ म्हणजे आज नीटनेटका, पण आधी ‘वेळच्या वेळी असलेला’. पाण्याच्या चढउतारासाठी जुन्या इंग्रजीत ‘फ्लड’ आणि ‘एब’ या शब्दांचे पूर्वज होते. ठरलेल्या वेळी येतं ते पाणी, म्हणून ‘टाइड’ ही ओळख मागाहूनची.

यावरून शाळेतली म्हण आठवा, ‘टाइम अँड टाइड वेट फॉर नो मॅन’. तिचं ‘काळ आणि भरती कुणासाठी थांबत नाहीत’ असं भाषांतर सर्रास होतं. म्हणीतला टाइड मुळात समुद्राचा नाही, तो ‘समय’च आहे. ‘काळवेळ कुणासाठी थांबत नाही’ पुरे.

आता गंमत अशी की आपल्याकडे हेच उलटसुलट झालंय. अमरकोश: ‘अब्ध्यम्बुविकृतौ वेला कालमर्यादयोरपि’. समुद्राच्या पाण्याचा फेरबदल म्हणजे वेला, काळ म्हणजे वेला, मर्यादा म्हणजेही वेला. एका शब्दात भरती-ओहोटी, घड्याळ आणि किनारा. मराठीने त्यातली ‘वेळ’ काळासाठी ठेवली.

---

तळाशील_कडे

काळासाठीच नाय हां. आमच्या मालवणीत वेळ म्हणजे दर्याची रेती, किनारो. ‘होडी वेळेर ओढली’. गोंयच्या कोंकणीतय तसाच.

---

पोथीवाला

@तळाशील_कडे, दुरुस्ती शिरसावंद्य. प्रमाण मराठीने एक अर्थ ठेवला, मालवणीने दोन्ही.

---

तिथीवार

भरतीची वेळ काढायची रीत इथे असू द्या, धाग्याला धरून आहे. तिथीची पाऊणपट करा, तेवढे वाजता भरती पूर्ण. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमेला सव्वाअकरा. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. सकाळी आणि रात्री दोन्हीकडे तीच वेळ, दुसरी थोडी पुढे. त्यानंतर सहा तासांनी सुकती, म्हणजे ओहोटी, संपते.

ही रीत कुठे चुकते तेही सांगतो. पंधरा तिथींत बारा तास भरायचे, म्हणजे तिथीला ४८ मिनिटं. आपण पाऊण तास, ४५ मिनिटं धरतो. तीन-तीन मिनिटांची तूट पंधराव्या तिथीला पाऊण तासावर जाते. प्रतिपदा-द्वितीयेला कळत नाही, पौर्णिमेला कळतं. याशिवाय दक्षिणेकडे भरती मुंबईच्या आधी येते आणि खाडीत जेवढं आत जाल तेवढी उशिरा. बंदराच्या छापील कोष्टकाला पर्याय नाही, पण अंदाजाला रीत उत्तम.

चढही सगळीकडे सारखा नाही. मुंबईला उधाणाला साडेतीन मीटरच्या वर, रत्नागिरीकडे दोनच्या आसपास, गोव्याकडे आणखी कमी. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आगेमागे, सगळीकडेच ओघ मंद. नुसत्या ओघावर जाणाऱ्याने भांगाचे दिवस टाळलेले बरे.

---

खातेवही

बँकेच्या बाजूने. हा वाक्प्रयोग कर्जाच्या कागदात नेमका बसतो, पण त्याच्यासोबत तीन अटी येतात. तूट तात्पुरती हवी. ती कधी संपणार ते माहीत हवं. आणि संपल्यावर पैसा कुठून येणार तेही दाखवता यायला हवं. ओघ फिरणार ही खात्री नसेल तर नांगर टाकून बसण्याला अर्थ नाही.

उदाहरण रिझर्व्ह बँकेचं. सरकारांना ती ‘वेज अँड मीन्स ॲडव्हान्स’ देते, ते जमा आणि खर्च यांच्या वेळांतली तफावत ‘टाइड ओव्हर’ करण्यासाठी. केंद्रासाठी ही सोय १ एप्रिल १९९७ पासून आहे, आधीच्या तदर्थ हुंड्यांच्या (ॲड हॉक ट्रेझरी बिलांच्या) जागी आलेली. केंद्राने उचललेली रक्कम ९० दिवसांत फेडायची. म्हणजे पैसा नाही असं नव्हे, कर यायचाय आणि पगार आधी द्यायचेत. कायमची तूट भरायला हे नाही.

दुसरं बेल्जियमचं. शिक्षण संपवून पहिल्या नोकरीच्या शोधात असलेल्या तरुणांना तिथे एक भत्ता होता. फ्रेंच नावाचा सरळ अर्थ ‘प्रतीक्षा भत्ता’. युरोपीय न्यायालयाच्या इंग्रजी निकालांत त्याला ‘टाइडओव्हर अलावन्स’ म्हटलंय. मूळ शब्द वाट पाहण्याचा आणि भाषांतर करणाऱ्याला सुचला टाइडओव्हर. स्मिथसाहेबांचा नांगर अजून पुरता सुटलेला नाही तर.

म्हणून बोट घ्यायला, इंजिन बदलायला, जाळी वाढवायला काढलेल्या कर्जाला टाइड ओव्हर म्हणू नका. ते भांडवली कर्ज. आणि जुनं थकलेलं फेडायला नवं काढत असाल तर हा शब्द अजिबात नको, वाचणारा अधिकारी लगेच ताळेबंद मागेल.

---

खाडीकाठ

सगळ्यांचे आभार. इंग्रजी उलगडलं. मराठीचं काय? ‘वेळ मारून नेणे’ असं एकाने सुचवलंय.

---

कर्ताकर्म

‘वेळ मारून नेणे’ अर्जात लिहिलंत तर कर्ज विसरा. त्यात थाप आहे, टोलवाटोलवी आहे. टाइड ओव्हरमध्ये लबाडीचा वास नाही.

‘तरून जाणे’ फार मोठं होतं, ते महापुरातून. ‘तोंडमिळवणी’ जमाखर्चाची, दर महिन्याची, तिला शेवट नाही. ‘तग धरणे’ जवळ आहे, पण तग माणूस धरतो. पैसा तग धरायला लावत नाही. ‘निभावून नेणे’ बरं. ‘वेळ निभावणे’ तर जवळजवळ शब्दाला शब्द.

पण वाक्य बांधताना बघा. इंग्रजीत पैसा कर्ता आणि माणूस कर्म. मराठीत असं वाक्य सरळ बसत नाही. आपण ‘पुरणे’, ‘भागणे’, ‘निघणे’ वापरतो आणि पुढे ‘पर्यंत’ लावतो. ‘एवढे तांदूळ गणपतीपर्यंत पुरतील.’ ‘तेवढ्यात आमचं भागेल.’ इंग्रजीतलं ‘टिल’ किंवा ‘अन्टिल’ आणि आपलं ‘पर्यंत’ यांना सोडून या क्रियापदाला चैन पडत नाही.

---

तळाशील_कडे

किनाऱ्यावर ‘पावसाळो काढूक’ म्हणतत. ‘ह्या सुकटीर पावसाळो निघात.’ ह्याच्यापेक्षा बरो शब्द खंय गावतलो?

---

कर्ताकर्म

नाहीच गावणार. माणूस पावसाळा काढतो, आणि सुक्या मासळीवर पावसाळा निघतो. अडचण कर्म आणि अडचण कर्ता, दोन्ही सोयी एकाच धातूत. उत्तरेकडे, रायगडाच्या कोळीवाड्यांत, या साठवणीला ‘आगोट’ म्हणतात, बाकी ठिकाणी ‘बेगमी’. बोंबील, जवळा, सोडे, मसाला, लाकूडफाटा. फक्त एक सांभाळा: बेगमी आधी करून ठेवतात, टाइड ओव्हरचा आधार तूट पडल्यावरही मिळू शकतो. कर्जाला बेगमी म्हणू नये.

---

खातेवही

अर्जाच्या वाक्यात आणखी एक. ‘ड्युरिंग’ काढा. ड्युरिंगने कालावधी कळतो, शेवट कळत नाही. बंदी १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस, यांत्रिक नौकांना. पण १ ऑगस्टला बोट सुटली म्हणजे त्या दिवशी पैसा आला असं नाही. डिझेल, बर्फ, खलाशांची उचल आधी जाते, आणि दर्या खवळलेला असेल तर पहिली फेरी नारळी पौर्णिमेनंतर. परतफेडीचा पहिला हप्ता ऑगस्टात ठेवाल तर थकेल. सप्टेंबरअखेर मागा आणि कारण अर्जातच लिहा.

---

खाडीकाठ

मग असं करतो:

‘वी रिक्वेस्ट अ शॉर्ट टर्म लोन ऑफ रुपीज टेन लाख टु टाइड अवर मेंबर्स ओव्हर अन्टिल फिशिंग इन्कम रिझ्यूम्स इन सप्टेंबर.’

मराठी प्रत: ‘मासेमारी बंदीच्या काळात सदस्यांना पावसाळा काढता यावा आणि सप्टेंबरात मासळीचे उत्पन्न सुरू होईपर्यंत त्यांचे भागावे, यासाठी रुपये दहा लाखांचे अल्प मुदतीचे कर्ज मिळावे, ही विनंती.’

---

कर्ताकर्म

दोन्ही चोख. इंग्रजीत बंदीचा उल्लेख गळला, तो विषयाच्या ओळीत घ्या.

---

खातेवही

आणि रक्कम आकड्यात व अक्षरात, दोन्ही प्रतींत सारखी. ठरावाची नक्कल जोडायला विसरू नका, त्यावर तारीख अर्जाच्या आधीची हवी.